सहाशे एकवीस घरं आणि एक कोरी फाईल

१

शनिवारी सकाळी सहा वाजता सिडनीच्या पश्चिमेला औषधांच्या अकरा गाड्या इंजिन चालू करून उभ्या होत्या, आणि कुठल्या घरी जायचं हे एकाही ड्रायव्हरला माहीत नव्हतं. यादीची फाईल जागच्या जागी होती, नावही तेच. आत मात्र एकही घर नव्हतं. आकार शून्य.

ऑगस्ट दोन हजार एकवीसचा शेवटचा आठवडा तो. लोक घरात कोंडलेले, आणि त्यातल्या म्हाताऱ्या, आजारी माणसांना दारात औषध पोचवायचं काम एका छोट्याशा कंपनीकडे आलेलं. दुपारपर्यंत कुठूनतरी गेल्या रविवारची जुनी प्रत मिळाली आणि गाड्या निघाल्या. पण आठवडाभरात नवी जोडलेली घरं त्या प्रतीत कुठून असणार? त्यातच होते पद्माकर काका. वय चौऱ्याहत्तर, एकटे राहणारे, इन्सुलिनवर असलेले. शनिवारी त्यांचं इन्सुलिन यायचं होतं. लोकांना कशाला त्रास द्या, म्हणून हा भला माणूस फोनसुद्धा न करता वाट बघत बसला. संध्याकाळी शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि त्यांना वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला होता, पण अजून ते नीट बोलत नव्हते.

हे सगळं राघवने आईला सांगितलं ते ताटावर बसून, भातात बोट फिरवत. राघव त्याच कंपनीत मॅनेजर. त्याच्या हाताखाली तिघं, आणि दिवस संपताना साडेपाचच्या आत यादीच्या फाईलचा आकार नोंदवहीत लिहायचं काम त्याचं स्वतःचं.

आई, म्हणजे चित्रलेखाबाई, पुण्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये अठ्ठावीस वर्षं 'सी' ही संगणकाची भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. शेकडो पोरांनी त्यांनी लिहिलेली जर्नल उतरवून काढली आणि त्यांची सही घेतली. राघव त्यातलाच एक. मुलाकडे स्कोफिल्ड्सला त्या आल्या होत्या तीन महिन्यांसाठी. दीड वर्ष उलटून गेलं होतं. सून कौमुदी नर्स, तिच्या शिफ्टला अंत नाही, त्यामुळे पोळ्या लाटणं आणि व्हिसा वाढवून घेणं एवढाच बाईंना उद्योग उरला होता. चौकशीची हौस मात्र शाबूत होती.

"कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"सगळे म्हणतायत सलिलने."

सलिल शेजारच्याच घरात राहायचा. शुक्रवारी चार वाजता मालक रविंद्र यांनी त्याला सांगितलं होतं की पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, कंपनी यंदा त्याचं नाव पाठवणार नाही. सलिलने आवाज चढवला होता, व्हिडिओ कॉलवर, सगळ्यांच्या देखत. सोमवारी सकाळी दहाला मीटिंग होती, त्याला काढून टाकायला. त्याचा व्हिसा कंपनीच्या नोकरीवर टांगलेला. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. आणि त्याच्या बायकोला, स्वरदाला, सातवा महिना चालू होता. साठ दिवसांनी नववा संपत आला असता. तिला विमानात कोण घेणार होतं, आणि इथे ठेवणार तरी कोण?

चित्रलेखाबाई म्हणाल्या, मी जरा बघते. राघवने मान वर केली नाही. "आई, तू यात पडू नकोस," एवढंच म्हणाला आणि ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं. भात तसाच होता.

२

त्या आठवड्यात त्यांच्या भागाला दिवसात एकच तास बाहेर फिरायची मुभा होती, तीही मास्क लावून आणि बरोबर एकच माणूस घेऊन. मग बाईंनी चौकशी फिरताफिरता उरकायची ठरवलं. रविवारी सकाळी आठला सलिल फाटकाशी उभा होता, दाढी वाढलेली, हात हूडीच्या खिशात.

पहिल्या वळणावरच त्यांनी विचारून टाकलं, फाईल तू पुसलीस का. तो नाही म्हणाला. आता, अठ्ठावीस वर्षांत 'मॅडम, कॉपी नाही केली' हे वाक्य बाईंनी इतक्या निरागस तोंडांतून ऐकलं होतं की नुसत्या 'नाही'ला त्या भीक घालत नसत. त्यात या पोराचं तोंड अर्धं मास्कमध्ये. त्यांनी खोदायला सुरुवात केली.

हो, आवाज चढवला होता. हो, 'बघतो आता हे माझ्याशिवाय कसं चालतं' असंही म्हणाला होता. रागात म्हणाला होता, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. हो, साडेपाचपर्यंत तो यादी ज्या मशीनवर असते त्याच मशीनवर होता, कारण यादीवरून गाड्यांचे रस्ते आखायचं काम त्याचं. त्या रस्त्यांत फक्त घरांचे यादीतले क्रमांक असायचे, नाव-पत्ते यादीतच. पाच वाजून पाच मिनिटांनी त्याने ग्रुपवर मेसेजही टाकला होता. फोन काढून त्याने दाखवला: 'सहाशे एकवीस घरं, अकरा गाड्या, रस्ते तयार.'

म्हणजे पाच वाजून पाचला यादी भरलेली होती. बाईंनी ते मनात टिपून घेतलं.

"मशीनवर कोण काय करतं याची नोंद असेल ना?"

"असते काकू. पण आम्ही चौघं एकच नाव आणि एकच पासवर्ड वापरतो. सुरुवातीला घाईत केलं होतं, मग तसंच राहिलं." त्याने मास्क वर सरकवला. "मला सूड घ्यायचा असता तर फाईल अख्खी डिलीट केली असती. रिकामी करून तिथेच कशाला ठेवीन?"

मुद्दा बिनतोड होता. इतका बिनतोड की बाईंना तोही संशयास्पद वाटला, कारण हुशार चोर आधी असंच काहीतरी तयार ठेवतो. त्या घराकडे वळल्या.

फाटकापाशी आल्यावर त्यांना स्वरदा दिसली. बाळाचे धुऊन वाळत घातलेले कपडे ती दोरीवरून काढत होती आणि थेट प्रवासाच्या बॅगेत भरत होती. तिने काही विचारलं नाही. बाईंना त्याचंच फार वाईट वाटलं.

३

त्या चौघांतला यतिन मेलबर्नला, क्लेटनमध्ये. शिकायला म्हणून आला आणि तिथेच रुजला. मशीन सांभाळायचं काम त्याचं, सगळं घरबसल्या. व्हिडिओ कॉलवर त्याने कॅमेरा बंदच ठेवला आणि दर दोन वाक्यांनंतर 'नो वरीज' म्हणत राहिला. ज्याला खरंच काळजी नसते तो हे इतक्या वेळा म्हणत नाही, असं बाईंना वाटलं.

त्यांनी जरा चिमटा काढल्यावर खरं बाहेर आलं. रोजच्या सात प्रती ठेवतो असं त्याने रविंद्रना सांगितलं होतं आणि ठेवत होता एकच. रोज साडेपाचला ती आपोआप बनायची, कालच्या प्रतीवर आजची. शुक्रवारी साडेपाचला मशीनने इमानेइतबारे रिकाम्या फाईलची प्रत काढली आणि गुरुवारची चांगली प्रत त्याखाली गाडली. रविवारची जुनी प्रत मिळाली तीही त्याच्या नशिबाने, दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेली होती म्हणून.

"फाईलला शेवटचा हात कधी लागला?"

"पाच सतरा. पण काकू, एक गोष्ट विचित्र आहे. कोणीतरी ती उघडलीय आणि बंद केलीय. आतलं एकेक घर निवडून खोडलंय असं नाही. एका झटक्यात सगळं साफ."

बाईंच्या मनात काहीतरी हललं, पण ते हाताला लागेना. त्यांनी त्याच्याकडून आठवड्याची नोंदवही मागवून घेतली. ती काही गुप्त नव्हती, रविंद्रना रोज संध्याकाळी तो आकडा हवा असायचा, यादी पुढे सरकली याचा पुरावा म्हणून. कॉल संपवताना यतिन म्हणाला, शुक्रवारी पाच ते सहा तेजश्री एकाही मेसेजला उत्तर देत नव्हती, तिलाही विचारा.

तेजश्री नवी घरं यादीत घालायची. फोनवर आवाज गोड, उत्तरं पाठ केल्यासारखी. शुक्रवारी पावणेपाचला नऊ नवी घरं घातली, पद्माकर काकांचं त्यातलंच. काढलं एकही नाही. त्यानंतर सहापर्यंत मशीनवर काम करत होते, म्हणाली.

"मग पाच ते सहा मेसेजना उत्तर का नाही दिलंस?"

एक उसासा, आणि मग ती हळू आवाजात बोलायला लागली. पाच ते सहा तिचा दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यू होता, व्हिडिओवर. पाच माणसं समोर बसली होती, त्यांना विचारून घ्या, पण रविंद्रना सांगू नका. बाईंनी तिला शब्द दिला. पाच सतराला जी पाच माणसांसमोर स्वतःची ताकद आणि उणिवा सांगत होती, ती फाईल पुसायला कशी जाणार?

उरला यतिन आणि उरला सलिल. दोघांपैकी सलिलचं पारडं जड होतं, आणि बाईंना ते मुळीच आवडलं नाही.

४

दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी नोंदवही समोर ठेवली. कौमुदी शिफ्टला गेली होती, राघव वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन दार लावून बसला होता.

एका घराची नोंद बरोबर ऐंशी बाइटची, हे यतिनने सांगितलं होतं. नाव लहान असो की मोठं, उरलेली जागा मोकळ्या खुणांनी भरायची. म्हणजे फाईलचा आकार बघितला आणि ऐंशीने भागलं की घरं किती ते कळतं. रविंद्र आकडा मागायचे तो म्हणूनच. बाईंनी पेन्सिल घेतली.

बुधवारी अठ्ठेचाळीस हजार पाचशे साठ. सहाशे सात घरं.

गुरुवारी अठ्ठेचाळीस हजार नऊशे साठ. सहाशे बारा घरं.

शुक्रवारी, नोंदीची वेळ पाच पंचवीस, अठ्ठेचाळीस हजार नऊशे साठ.

त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं. शुक्रवारचा आकडा गुरुवारचाच होता. पण शुक्रवारी तेजश्रीने नऊ घरं घातली होती. ती खोटं बोलत असेल म्हणावं, तर पाच वाजून पाचला सलिलनेही सहाशे एकवीसच मोजली होती. सहाशे बारा आणि नऊ. आकार एकोणपन्नास हजार सहाशे ऐंशी हवा होता. बरं, पाच सतराला फाईल रिकामी झाल्यावर मोजली असेल म्हणावं, तर आकडा शून्य यायला हवा होता. अठ्ठेचाळीस हजार नऊशे साठ हा आकार त्या फाईलला शुक्रवारी संध्याकाळी कुठल्याच क्षणी नव्हता.

तो आकडा कोणी मोजलाच नव्हता. वरच्या ओळीतून उतरवला होता.

आणि नोंदवही लिहायचा राघव.

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. वर जिन्याकडे त्यांनी बघितलं नाही, बघवेना. सकाळपासून दुसऱ्यांच्या तीन लेकरांना त्यांनी धारेवर धरलं होतं, एकाच्या दाढीवर संशय घेतला होता, दुसऱ्याच्या बंद कॅमेऱ्यावर, तिसरीच्या गोड आवाजावर. चौघांकडे पासवर्ड आहे हे पहिल्याच तासात कळलं होतं आणि चौथा त्यांच्याच ताटाशेजारी बसून भात चिवडत होता. त्याला एक प्रश्न विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं की सुचू दिलं नव्हतं, याचं उत्तर त्यांना नको होतं.

पण आळशीपणाने आकडा उतरवणं वेगळं आणि फाईल पुसणं वेगळं. राघवने पुसली असेल तर का? त्याचं सलिलशी वैर नव्हतं, नोकरीत दुःख नव्हतं. मग यतिनचं वाक्य पुन्हा कानात आलं. उघडली, बंद केली, एका झटक्यात सगळं साफ. या वेळी ते हाताला लागलं.

५

चारच्या सुमारास त्या चहाचे दोन कप घेऊन वर गेल्या. राघव खिडकीशी उभा होता. त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, रोज आकार बघतोस तो कसा बघतोस रे. तो म्हणाला, ऑफिसात माउस फाईलवर नेला की दिसतो. गुरुवारी ऑफिसच्या इमारतीत एक जण पॉझिटिव्ह निघाला, म्हणून शुक्रवारपासून सगळे घरून. आणि घरून तो माउसवाला पडदा येत नाही, फक्त काळा पडदा येतो, सगळं टाइप करावं लागतं.

"मग शुक्रवारी कसा बघितलास?"

त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं.

"फाईलचा आकार काढायचा प्रोग्राम लिहून दाखव. आपल्या जर्नलमधला चौदा नंबर."

बारा वर्षांत त्याने प्रोग्राम लिहिला नव्हता, मीटिंगाच घेतल्या होत्या. तरी त्याने लिहिला, सहा ओळी, सावकाश. फाईल उघड. शेवटी जा. सुरुवातीपासून किती लांब आलास ते सांग. तेवढाच तिचा आकार. फाईल बंद कर. बाईंनी कागद घेतला आणि त्यांची नजर पहिल्याच ओळीवर थांबली. फाईल उघडताना ती कशासाठी उघडतोय हे संगणकाला सांगावं लागतं. तिथे राघवने 'आर' लिहिलं होतं, म्हणजे फक्त वाचायला. ते अक्षर त्याने दोनदा गिरवलं होतं.

"हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण मी तुम्हाला हे असं शिकवलं नव्हतं. जर्नलचं एक पान वाचवायला मी दोन प्रोग्राम एकात घातले होते. आधी नवी फाईल बनवा, मग तिचाच आकार काढा. म्हणून तिथे 'डब्ल्यू प्लस' होतं. लिहायला उघड. तसं उघडलं की संगणक आधीचं सगळं पुसतो आणि कोरा कागद हातात देतो. तुमच्या अख्ख्या बॅचने ते तसंच पाठ केलं आणि मी डोळे मिटून सह्या केल्या. तुला 'आर' हवं हे कधी कळलं?"

राघव पलंगाच्या कडेवर बसला.

"शुक्रवारी," तो म्हणाला. "पाच सतराला."

मग सगळं बाहेर आलं. यतिनला विचारलं असतं तर त्याने एका ओळीत सांगितलं असतं, पण मॅनेजरने इतकी साधी गोष्ट हाताखालच्याला कशी विचारायची? पाठ होतं ते टाइप केलं. पडद्यावर शून्य आलं. वाटलं, प्रोग्राम चुकला. परत चालवला, परत शून्य. मग फाईल उघडून बघितली. रविंद्र आकड्याची वाट बघत होते. त्याने कालचा आकडा टाकला आणि ठरवलं, प्रतीवरून फाईल गुपचूप परत भरू. शोधाशोध करून प्रतीपाशी पोचला तोवर साडेपाच होऊन गेले होते, आणि प्रतही कोरी होती. सकाळी कबूल करणारच होता. पण तो तोंड उघडायच्या आत सगळ्यांच्या तोंडी सलिलचं नाव आलं होतं.

बाईंना त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"उद्या दहाला तू सांगायचंस."

"आई, मला काढतील."

"काढू देत. तुझ्याकडे इथला पासपोर्ट आहे. तुला नोकरीतून काढतील, सलिलला देशातून काढतील, बायको नवव्या महिन्यात असताना. आणि काका तिकडे बिछान्यावर आहेत ते वेगळंच. तू नाही बोललास तर मी बोलेन."

"तू तुझ्या मुलाविरुद्ध बोलशील?"

"चूक निम्मी माझी आहे," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "खोटेपणा मात्र सगळा तुझा आहे. तो मी वाटून घेणार नाही."

चहा तसाच गार झाला. संध्याकाळी पोळ्या लाटून त्या एकट्याच जेवल्या.

६

सोमवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना राघव खालच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली पॅन्ट. बाई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा. आदल्या दिवसापासून दोघं एक अक्षर बोलले नव्हते. तो बोलणार की नाही हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

पडद्यावर पाच चौकटी उघडल्या. यतिनने आज कॅमेरा चालू ठेवला होता. तेजश्री खाली बघत होती. सलिलच्या चौकटीत त्याच्या मागे, सोफ्याच्या टोकावर, स्वरदा बसली होती. तिला तिथे बसायची परवानगी नव्हती बहुधा, पण कोणी काही म्हणालं नाही.

रविंद्र कठोर माणूस नव्हते. त्यांनी कागदावरून वाचायला सुरुवात केली, मध्येमध्ये घसा साफ करत. विश्वास, जबाबदारी, रुग्णांची सुरक्षितता. पद्माकर काका आज सकाळी शुद्धीवर आले आहेत, बोलतायत, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, पण याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. सलिल, कंपनीने असं ठरवलं आहे की...

"मी केलं," राघव म्हणाला.

बाईंनी डोळे मिटले.

"फाईल माझ्या हातून गेली. आकार बघायला गेलो आणि पुसली. नोंदवहीतला आकडा खोटा आहे. सलिलचा काही संबंध नाही." एका दमात म्हणाला, आवाज फाटला होता. मग खुर्चीला पाठ टेकवून बसला.

बाईंनी डोळे उघडले. रविंद्र वाचतच होते. यतिन मान हलवत होता, तेजश्री अजून खालीच बघत होती. सलिल पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नव्हती. कोणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. राघवच्या चौकटीच्या कोपऱ्यात माइकची छोटी लाल खूण होती, त्यावर आडवी रेघ.

राघवनेही ती बघितली. त्याने ती बघितली हे बाईंनी बघितलं. त्याचा हात टेबलावर होता, माउसपासून चार बोटं लांब, आणि तो हात हलत नव्हता. बोलून झालं होतं. देवाला आणि आईला ऐकू गेलं होतं. एवढ्यावर भागवता येईल का, हा हिशेब त्याच्या डोळ्यांत त्यांना स्पष्ट दिसला, आणि असा हिशेब करणारा हा आपलाच मुलगा, याचं दुःख त्यांना पद्माकर काकांना ॲम्ब्युलन्सने नेल्याच्या बातमीपेक्षाही जास्त झालं.

रविंद्र म्हणत होते, "तर आजपासून सलिल आपल्याबरोबर नसेल."

सोफ्याच्या टोकावर स्वरदाने दोन्ही हात पोटावर ठेवले.

चित्रलेखाबाई पुढे वाकल्या, कॅमेऱ्यात अर्ध्या दिसतील इतक्या, आणि मुलाच्या हातावरून हात नेऊन त्यांनी माइकची खूण दाबली. रेघ गेली. बाकीच्या चौकटींतल्या माना एकदम त्यांच्याकडे वळल्या.

"परत सांग," त्या राघवला म्हणाल्या. "हळू सांग. सगळ्यांना ऐकू जायला हवं."

आणि राघवने सांगितलं.